मातीच्या ब्लॉकचं घर: वरची काळी नको, खालचा मुरूम घ्या

ताई, मोहोळजवळ शेतात दोन खोल्या बांधायच्यात, विहिरीतून निघालेली माती भिंतींना चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण वरची काळी नाही. काळी पाणी पिऊन फुगते नि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. भिंतीतही तेच करणार. जुनी माणसं शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणायची, ते उगाच नव्हे. गढ्या, माळवदं सगळी पांढऱ्या मातीची. मी शहाणपणा करून मुरमात थोडी काळी मिसळली होती, चिकटपणा येईल म्हणून. ब्लॉक वाळताना तडकले, शेवटी गोठ्यात अंथरले.

काळीखालचा मुरूम चाळून घ्या. काचेच्या बरणीत थोडा टाका, पाणी नि चिमूटभर मीठ घालून हलवा, दिवसभर ठेवा. वाळू लगेच बसते, चिकणमाती सर्वांत शेवटी. वाळू-खडे निम्म्याहून जास्त आणि चिकण साधारण पाचवा हिस्सा असेल तर 5 ते 8 टक्के सिमेंट पुरतं. चिकण जास्त निघाली तर चुना बरा.

हे ब्लॉक यंत्रात दाबतात, भाजत नाहीत, म्हणजे भट्टीचा कोळसा वाचला. सिमेंटचं क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचे खडे, मात्र सुमारे 1450 अंशांवर भाजतात, शिवाय चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून पोतं जितकं कमी तितकं बरं. पण ब्लॉकला चार आठवडे ओल हवी. सोलापूरच्या एप्रिलात उघड्यावर टाकलात तर दुपारपर्यंत कोरडे ठक्क. सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट.

सासूबाईंना किल्लारीच्या भूकंपाची भीती वाटते म्हणता, ती खोटी नाही. 30 सप्टेंबर 1993 ला तिथं हजारो माणसं गेली. पण त्या भिंती ओबडधोबड दगडांच्या होत्या. आतले नि बाहेरचे दगड एकमेकांत अडकवलेले नव्हते, आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचं ओझं. तुम्ही छप्पर हलकं ठेवा. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा. तिथं सिमेंट वाचवू नका. पाया काळीत थांबवायचा नाही, मुरूम लागेपर्यंत खणायचा.

आधी बरणीत काय बसलं ते कळवा, मग चुना की सिमेंट ते ठरवू.