कबड्डी आवडते, पण सामन्याला जावंसं वाटत नाही

"सगळं मिळालंय, तरी मन लागत नाही. मी माजलोय का?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणारी बँकेतली, आयटीतली मुलंमुली नेहमी विचारतात. खेळाडूने विचारला तर मात्र त्याला कोणी दाद देत नाही. "टीव्हीवर दिसतोस, अजून काय पाहिजे तुला?" एवढ्यावर घरचे विषय मिटवतात.

रोहनचंही असंच झालं होतं. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) नायगावचा, पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा, डाव्या कोपऱ्यात खेळणारा. २०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा तो शाळेत होता. मंडळाच्या मातीवर खेळून पोट भरता येईल, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. आता एका व्यावसायिक संघाशी करार झालेला. "मॅडम, सामन्याच्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा येतो. खेळाचाच कंटाळा आलाय बहुतेक."

मी त्याला सीझनमधला एक दिवस सांगायला सांगितलं. हॉटेल, व्हिडिओ मीटिंग, रात्रीचा सामना, उशिरा जेवण, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सांगता सांगता तो घोट्यावर आला. फिजिओ दिसण्याआधी तो बाथरूमची कडी लावून स्वतःच टेप गुंडाळायचा, दातांनी तोडायचा, वर दोन मोजे चढवायचा. कोपऱ्यातल्या खेळाडूचा सगळा भार घोट्यावर. मागे सरकायचं, थबकायचं आणि क्षणात रेडरच्या पायावर झेप घ्यायची. सुजलेल्या घोट्याने तो हे रोज करत होता.

"सांगितलं का नाहीस?"

"दुखतंय म्हटलं की बाकावर. बाकावर बसलो तर पुढच्या लिलावात कोण घेणार? घराचा हप्ता आहे, मॅडम."

मग रविवारी मंडळातल्या पोरांना पकड शिकवतो त्याबद्दल विचारलं, तर गडी खुर्चीत पुढे सरकून हातवारे करून सांगायला लागला. कबड्डीचा कंटाळा आलेला माणूस असा बोलत नाही. त्याला जड जात होत्या नोकरीच्या अटी: लपवलेली दुखापत, अपुरी झोप, वर्षापुरतीच शाश्वती. अशा वेळी "मन खंबीर कर" म्हणणं मला चुकीचं वाटतं, खरं तर घातक वाटतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१९मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर निवेदन काढलं, त्यातही दुखापत आणि मानसिक त्रास एकमेकांत गुंतलेले असतात हे मांडलं आहे. आणि माजण्याचं म्हणाल, तर २००८मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकल्यानंतर आलेल्या रितेपणाबद्दल नेमबाज अभिनव बिंद्रा स्वतः उघडपणे बोलला आहे.

रोहनने करार वाचलाच नव्हता. इंग्रजी पीडीएफ मोबाइलमध्ये पडून होती. एजंटने बोट ठेवलं तिथे सही. आम्ही बसून वाचली. सामन्यात झालेल्या दुखापतीचा खर्च संघाकडे होता आणि तेवढ्यावरून कराराच्या पैशांचे हप्ते थांबणार नव्हते. प्रत्येक करारात हे असेलच असं नाही, म्हणून आपापला करार जाणकाराकडून समजून घ्याच. रोहनची निम्मी भीती मात्र ऐकीव निघाली. उरलेली अर्धी, लिलावाची, खरीच होती.

फिजिओला काय सांगायचं त्याचा आम्ही सराव केला. एमआरआयमध्ये लिगामेंट अर्धवट फाटलेलं निघालं. प्रशिक्षक चिडले, उरलेला सीझन हुकला. पुढच्या लिलावात रक्कमही कमी मिळाली. पण घोटा बरा झाला, झोप लागायला लागली आणि आता क्रीडा कोट्यातल्या नोकरीसाठी त्याचे अर्ज चालू आहेत.

तुमच्या घरात असा खेळाडू असेल, तर कामगिरीची चौकशी जरा बाजूला ठेवा आणि झोप, दुखणं, करार यांबद्दल विचारा. दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जीव नकोसा झाल्याचं तो बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.