सभासदांसाठीचं पत्र बाहेरचेही वाचतात

प्रिय,

बंदूकधारकांच्या संघटनेत जनसंपर्काचं काम घेतलंस, चांगलं केलंस. सभासद सांभाळायचे की लोकांमधली प्रतिमा, असं तू विचारलंस. वर्गणी सभासद भरतात, तेव्हा उत्तर सोपं वाटतं. पण वार्षिक सभेत माईक धरून बसणारे म्हणजे सगळे सभासद नव्हेत. वर्षातून एकदा शिकारीला जाणारा सभेला फिरकत नाही. नाराज झाला तरी भांडत नाही, पुढच्या वर्षी वर्गणी भरत नाही, इतकंच.

माईकवाल्यांना कमी मात्र लेखू नकोस. १९७७ साली अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पदाधिकारी मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोराडोला हलवायच्या बेतात होते. सिनसिनाटीच्या सभेत सभासदांनी रात्रभर जागून त्यांनाच घरी बसवलं.

उलटी बाजू १९९५ची. निधी मागणाऱ्या एका पत्रात याच संघटनेनं सरकारी अधिकाऱ्यांना गुंड म्हटलं. पत्र सभासदांसाठी होतं. त्याच सुमारास ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत बॉम्बनं उडवली गेली, १६८ माणसं मेली. त्या पत्रावर संतापून माजी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी संघटनेच्या आजीव सभासदत्वाचा राजीनामा दिला, तोही जाहीरपणे. घरात बोललेलं चव्हाट्यावर आलं की असं होतं.

मला सर्वात शिकवून गेलं ते २०१४चं टेक्सास. तिथं तेव्हा पिस्तूल उघड बाळगायला बंदी, रायफलला मात्र नव्हती. म्हणून काही आंदोलक रायफली खांद्याला अडकवून हॉटेलांत जेवायला जाऊ लागले. हा प्रकार विचित्र आहे, लोक घाबरतात, असं याच रायफल असोसिएशननं लिहिलं. माझ्या मते बरोबरच लिहिलं. पण काही जणांनी सभासदत्वाची कार्डं फाडली, आणि काही दिवसांतच, ते एका कर्मचाऱ्याचं वैयक्तिक मत होतं, असं सांगून संघटनेनं माघार घेतली. चिडलेले चिडलेलेच राहिले असावेत, आणि बाहेरच्यांना दिसलं की इथं मूठभर लोक लगाम धरून आहेत. तो कर्मचारी कोण, कुणास ठाऊक. उद्या ती जागा तुझी असू शकते.

म्हणून वादाचं पत्रक निघण्याआधी अध्यक्षांची सही कागदावर घे, तोंडी होकारावर जाऊ नकोस. आणि मसुदा एकदा घरी बंदूक नसलेल्या कुणाला तरी वाचायला दे.

तुझा,
जुना सहकारी