बत्त्याला बत्ताच राहू दे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

न्गुयेन झू या व्हिएतनामी कवीच्या ‘किउ’ या काव्यकथेच्या भाषांतराची पानं वाचली. त्यात येणाऱ्या बत्ता, सरस अशा दंतकथांतल्या वस्तू मराठी वाचकाला कळणार नाहीत, मग त्यांच्या जागी सरळ ‘प्रेम’ लिहू का, असं विचारलंयस. नको. वस्तू मूळ कथेत काय काम करते ते आधी पाहा. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून इतकं टोकतोय.

प्रेमाच्या शपथेच्या रात्री नायिका किउला तिचा प्रियकर किम म्हणतो, निळ्या पुलावर दंवाचा बत्ता अजून चाललेला नाही. तू ‘थंडगार बत्ता’ केलंस. अगं, इथे दंव हे कुटायच्या औषधाचं नाव आहे! जुन्या चिनी कथेत त्या पुलापाशी तरुणाला मुलगी आवडते. म्हातारी अट घालते, जेडचा खलबत्ता आण. तो आणतो, वर शंभर दिवस औषध कुटतो, तेव्हा कुठे लग्न. म्हणजे बत्त्याचं काम कष्टाचं. ते झालेले नाहीत, आणखी मागितलं तर आगाऊपणा होईल का, हे किम विचारतोय. किउचं उत्तरही वस्तूंतच येतं: लाल पान, लाल दोरा. दोऱ्याला ‘रेशीमगाठ’ म्हण हवं तर, पण लग्नं जुळवणारा, दंतकथेतला चंद्राखालचा म्हातारा तो जोडप्याच्या पायांना बांधतो. ते पाय गाळू नकोस.

खरी कसोटी पुढे आहे. बापाला सोडवायला स्वतःला विकलेली किउ धाकट्या बहिणीला विनवते, किमशी तू लग्न कर. ती म्हणते: लोआन या दिव्य पक्ष्याच्या सरसाने उरलेला धागा जोडणं आता तुझ्या हाती. तू ‘दिव्य पक्ष्याचं प्रेम’ लिहिलंस. पक्षी ठेवलास आणि सरस फेकलास! हा सरस धनुष्याची तुटलेली दोरी, वाद्याची तुटलेली तार जोडतो. काम काय? जोडणं. आणि धागा ‘उरलेला’: बहिणीच्या वाट्याला दुसरीचं शिल्लक प्रेम येतंय. किउची सगळी शरम त्या एका शब्दात आहे.

त्याच रात्री ती म्हणते, प्रेमाचा गोळा पाताळात नेईन, तो विरलेला नाही. ‘तुटलेला’ करू नकोस. च्युओंग ची या कोळ्याची लोककथा आठव: त्याच्या स्फटिक झालेल्या काळजाचा पेला, जिच्यावर त्याचं प्रेम होतं तिच्या अश्रूने विरघळतो.

वहीत तीन रकाने आख: वस्तू कशाची, काम काय, या ओळीत ते झालंय की अडलंय. बत्त्याचं अडलंय. सरसाचं नुसतं मागणं आहे. न्गुयेन झू ६ आणि ८ अक्षरांच्या ओळींत अख्खी कथा दोन-चार अक्षरांत बसवतो. तू ती ओळीतच उकलत बसलीस तर लय मोडते. तळटीप दे.

शपथेची रात्र पुन्हा करून पाठव. ते लाल पान कुणी, कुठल्या पाण्यात सोडलं, ते आधी शोध.