जुनी डिझेल एसयूव्ही सकाळी सेल्फ घेत नाही आणि घाटात गरम होते, काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की 2008 ची डिझेल गाडी आहे, सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक टक होतंय, दोन वर्षांत दोन बॅटऱ्या घातल्या, हेडलाईट मंद आहेत आणि चोर्ला घाट चढताना काटा वर जातोय, तर विकू का. दादा, एवढ्यात विकू नका, आणि तिसरी बॅटरी तर अजिबात घेऊ नका.

मी खानापूर तालुक्यातला, माझी गाडी तुमच्यापेक्षा जुनी आहे आणि सेम त्रास मी भोगलाय. बॅटरी बदलली, सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले, पैसे गेले आणि आठ दिवसांनी परत टक टक. शेवटी बेळगावात एका वयस्कर वायरिंगवाल्या मेस्त्रींनी इंजिन ते चेसिसची अर्थिंग पट्टी (सेल्फचा करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी) काढून दाखवली, वरून चांगली दिसत होती पण लगच्या, म्हणजे टोकाच्या कडीच्या, आत सगळी हिरवी पावडर झालेली. आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या पावसात चार महिने गाडी खालून ओलीच असते, त्यामुळं अर्थिंग खराब होणारच की.

दोन-तीनशेचा साधा मल्टीमीटर घ्या आणि डीसी 20 व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीला बॅटरीवर साधारण 12.6 दिसायला पायजे, इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4. चालू असताना 13 च्या खाली असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) बघा, बॅटरीची चूक नाही, ती बिचारी चार्जच होत नाही. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि घरातल्या कुणाला तरी गिअर न्यूट्रल करून सेल्फ मारायला सांगा. त्यावेळी अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग गेलीय असं धरा. पट्टी काढून दोन्हीकडचा गंज आणि रंग पॉलिश पेपरनं घासा, नट कडक आवळा, वरून ग्रीस लावा. हेडलाईट मंद असण्याचं कारणही बऱ्याच वेळा हेच असतंय, बल्बच्या मागची अर्थिंगची वायर बघा.

एक हात जोडून सांगतो, अल्टरनेटर चालतोय का बघायला काही मेस्त्री चालू गाडीत बॅटरीची वायर काढतात, ते करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचा डायोड किंवा इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडू शकतो, त्याचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन घेत नाही असं कधी झालं तर ते वेगळं दुखणं, बऱ्याच वेळा डिझेल लाईन हवा धरतेय. फिल्टरजवळचा हातपंप दाबून कडक होईपर्यंत मारा, लगेच स्टार्ट झाली तर बहुतेक कुठंतरी रबरी पाईप चिरलाय, आणि त्याच वेळी फिल्टरच्या खालचं पाणी पण सोडा.

आता घाटाचं. हायवेला, म्हणजे निपाणीपर्यंत 80 च्या स्पीडनं काटा जाग्यावर राहतो आणि हळू चढतानाच वर जातो ना? मग पहिला संशय फॅनवर, फॅनला इंजिनशी जोडणारं व्हिस्कस कपलिंग सैल पडलं की फॅन नुसता वाऱ्यावर फिरल्यासारखा फिरतो, हवा ओढत नाही. दुसरं, एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये लाल माती आणि किडे बसतात, ते समोरून दिसतच नाहीत, इंजिनच्या बाजूनं साध्या पाईपच्या पाण्यानं धुवा, प्रेशर मारला की पाती वाकतात. हायवेलाच गरम होत असती तर रेडिएटर आतून चोकअप म्हणालो असतो. आणि नुसतं पाणी घालू नका, कुलंट अर्धं अर्धं करून घाला. टोपण मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, हात-तोंड भाजलेली माणसं मी बघितलीत.

तिन्ही आकडे, इंजिन बंद असताना, चालू असताना आणि सेल्फ मारताना, इथं टाका, मग अल्टरनेटरकडं बघायचं की सेल्फकडं ते सांगतो.