मुरबाडला आमची वीस गुंठे जमीन आहे. रताळ्याची सुधारित लागवड करू म्हटलं तर काका ऐकतच नाहीत. छोटे शेतकरी नवीन पद्धत का घेत नाहीत?

काका ऐकत नाहीत असं सरसकट म्हणू नका. ज्यात खिशाला हात घालावा लागत नाही तेवढं ते ऐकतात. माझंही तुमच्यासारखंच: मी राहतो ऐरोलीत, आमचं शेत शहापूरकडे, चुलते कसतात. भात निघालं की नोव्हेंबरात रताळी लावतात, महाशिवरात्रीला भाव मिळावा म्हणून.

पहिल्या वर्षी मी मोबाईलवर वाचून त्यांना दहा गोष्टी सांगितल्या. त्यांनी तीन उचलल्या. बेणं वेलीच्या शेंड्याकडचंच घ्यायचं, वीतभर लांबीचं. कापल्यावर पानांसकट दोन दिवस सावलीत ठेवायचं, म्हणजे मुळ्या लवकर धरतात. आणि वरंब्याला वेळेवर मातीची भर द्यायची. ही तिसरी त्यांना का पटली, तर मातीला भेगा पडल्या की सोंड्या भुंगा तिथूनच आत शिरतो आणि कंदात अंडी घालतो. आदल्या साली एका गिऱ्हाइकाने ऐन उपासाच्या दिवशी उकडलेलं रताळं थुंकलं होतं, कडूजहर. किडलेलं रताळं असंच कडू होतं. ते चुलते अजून विसरलेले नाहीत. (भुंगा जुन्या वेलीच्या बुडातही असतो, म्हणून शेंड्याचा आग्रह.)

भुंग्याच्या नरांना मादीच्या वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे मात्र त्यांनी एकच हंगाम लावले. वेल उचलून पलटायचं म्हटल्यावर म्हणाले, "मजूर तू पाठवणार काय?" मी गप्प.

वाणाचं म्हणाल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अश्विनी' जेमतेम साडेतीन महिन्यांत निघते, आमच्या वेळापत्रकात बसते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची 'भू सोना' आतून केशरी. ती मीच हौसेने दोन वरंबे लावली. कल्याणला बाई म्हणाली, "हे गाजरासारखं काय?" आफ्रिकेत अशीच केशरी रताळी मुलांना अ जीवनसत्त्व मिळावं म्हणून रुजवली, त्या कामाला २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. पण आमचं गिऱ्हाईक उपासाचं. त्याला पिठूळ, पांढरंच लागतं.

खरी अडचण बेण्याची. रताळ्याचं बी पोत्यात ठेवता येत नाही, वेल जिवंत ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये शहापूरला प्यायला टँकर येतो, वेलीला पाणी कुठलं? आमच्याकडे चुलती मोरीच्या सांडपाण्यावर हातभर वाफा जगवते. पावसाळ्यात तीच वेल वाढवून नोव्हेंबरात शेंडे काढतो. एक वर्ष तो वाफा शेळीने खाल्ला आणि त्या साली सुधारित वाण वगैरे सगळं गेलं, पुन्हा शेजारच्यांचं मिळेल ते बेणं.

तेव्हा काकांना पुस्तकी माहिती ऐकवू नका. त्यांच्याकडून दोन वरंबे मागून घ्या, काढणीला कुदळ त्यांच्याच हातात द्या. आणि काकूंना विचारा, मोरीचं पाणी कुठे जातं.