माझ्या आरसीआय नंबरवर दुसऱ्याने दिलेल्या थेरपीची सही, नाही म्हटलं म्हणून नोटीस. आता काय करू?

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका ताई बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा उपचाराची पदवी) करून, आरसीआयचं म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी थेरपी सेंटरमध्ये कॉन्ट्रॅक्टवर काम करतात. सेंटरने तीन महिन्यांचा कुठलातरी ऑनलाइन कोर्स केलेल्या दोन मुलींना 'स्पीच थेरपिस्ट' म्हणून बसवलंय, आणि त्यांच्या सेशनच्या नोट्सवर आणि बिलांवर ताईंनी आपला सीआरआर नंबर (आरसीआयच्या रजिस्टरमधला नोंदणी क्रमांक) टाकून सही करायची असं मालकांचं म्हणणं. ताईंनी नकार दिला, शिवाय एका गरीब आईला सिव्हिलच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे मुलांच्या सरकारी केंद्रात, फुकट थेरपी मिळते हे सांगितलं, म्हणून 'पेशंट पळवता' अशी नोटीस आलीये. कॉन्ट्रॅक्टमध्ये अट आहे की सोडल्यावर दोन वर्षं याच शहरात प्रॅक्टिस करायची नाही. ताई विचारतात, सही करावी का, राजीनामा द्यावा का, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं उघड लिहू का.

ताई, सगळ्यात आधी सहीचं. करू नका, एकही नाही, "या महिन्यापुरतं" म्हणाले तरी नाही. ज्या सेशनला तुम्ही नव्हतात त्याची नोट तुमच्या सहीने तयार झाली आणि त्यावर पालकांनी किंवा इन्शुरन्स कंपनीने पैसे दिले तर उद्या फसवणुकीच्या केसमध्ये, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये, मालकांच्या बरोबर तुमचंही नाव येऊ शकतं, आणि ग्राहक आयोगात पालक गेले तर कागदावर थेरपिस्ट म्हणून तुम्हीच दिसणार. आणि तुमच्या नकारानंतर कोणी तुमच्या नावाची सही परस्पर ठोकली तर ते बनावट दस्तऐवज, त्याची वेगळी तक्रार होते. म्हणून नकार तोंडी ठेवू नका. आजच मालकांना साधा ईमेल करा की अमुक तारखेपासून फक्त मी स्वतः घेतलेल्या सेशनच्या नोट्सवर माझी सही आणि नंबर असेल, बाकी कुठे दिसला तर तो माझ्या संमतीशिवाय आहे. चार ओळी पुरे, राग नको, आरोप नको. पुढे हाच मेल तुम्हाला वाचवेल.

आता त्या दोन मुलींचं. 1992 चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे, त्यात 'पुनर्वसन व्यावसायिक' कोण याच्या यादीत ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट पहिल्याच नंबरला आहेत, आणि कलम 13 सांगतं की मान्य पात्रता आणि रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय भारतात कुठेही अशी प्रॅक्टिस करता येत नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण थांबा, आधी एक खात्री करा, त्या मुलींपैकी कोणाकडे डीएचएलएस (श्रवण, भाषा आणि वाचा यांचा) डिप्लोमा आणि आरसीआय रजिस्ट्रेशन आहे का? असेल तर तुमच्या देखरेखीखाली सहाय्यक म्हणून काम करणं ही वेगळी गोष्ट, तिथे बेकायदा बेकायदा म्हणून ओरडलात तर तुमचीच बाजू पडेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं काही दिसत नाही, तरी बघा.

इथे बरेच जण चुकतात ते म्हणजे थेट पोलिसात किंवा कोर्टात धावतात. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल कोर्ट फक्त परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या लेखी तक्रारीवरच घेतं, त्यामुळे तुमचा अर्ज जायला हवा तो दिल्लीला आरसीआयकडे. त्यात नावं, तारखा, सेंटरच्या बोर्डाचा फोटो, जाहिरात, बिलाचा नमुना एवढंच. मुलांच्या फाइली घरी आणू नका, फोटो काढून पाठवू नका, ती त्या मुलांची माहिती आहे आणि त्यावरून तेच तुमच्यावर उलटतील. पालकांना स्वतःच्या मुलाचे रिपोर्ट लेखी मागू द्या, आणि त्यांच्या तक्रारीला ते जोडू देत.

दुसरी जागा पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 50 प्रमाणे दिव्यांगांच्या पुनर्वसनाची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही, आणि तुमचं सेंटर या व्याख्येत बसतं असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा सेंटरची नोंदणी आहे का, कोणत्या स्टाफच्या नावावर घेतलीये, हे माहिती अधिकारात विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज पालकांपैकी कोणी केला तर अजून चांगलं, तुमचं नाव पुढे यायची गरजच नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचं मात्र नाही म्हणजे नाही. तुमचं म्हणणं खरं असेल, पण बदनामीच्या कायद्यात, म्हणजे न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला संरक्षण आहे, तसं ते दोनशे पालकांच्या ग्रुपवरच्या पोस्टला मिळेलच असं नाही, तिथे प्रत्येक वाक्य खरं आणि लोकहिताचं होतं हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. तोच मजकूर अर्जात लिहा, ताकद दहापट.

'पेशंट पळवता' या नोटिशीला उत्तर द्या, गप्प बसू नका. डीईआयसी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, तिथे स्पीच थेरपिस्टचं पद धरलेलं आहे. आईला परवडत नाही म्हणून थेरपी मधेच बंद पडण्यापेक्षा तिला सरकारी सोय सांगणं हे तुमचं कामच आहे, आणि पैसे घेऊन कुठे पाठवलं नाहीत तर यात गैर काहीही नाही. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आयांना नॅशनल ट्रस्टची निरामय योजनाही सांगत जा, लाखापर्यंतचं कव्हर आहे आणि थेरपीचा खर्च त्यात धरतात, कितीतरी घरांना हे माहीतच नसतं हो.

दोन वर्षांची अट घाबरवायला लिहिलेली असते. करार कायद्याचं कलम 27, नोकरी संपल्यावर धंदा किंवा व्यवसाय करू नको अशी अट निरर्थक. नोकरीत असताना मात्र ती पाळायची, म्हणजे संध्याकाळी घरी सेंटरचेच पेशंट बघणं आत्ताच बंद करा, करत असाल तर. राजीनामा आज देऊ नका. आधी तो ईमेल, नोटिशीचं उत्तर, आरसीआयचा अर्ज, आणि पगाराच्या स्लिपा नीट एका जागी. मग नोटीस पिरियड पाळून बाहेर पडा. ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे असतील तर ती आधी लेखी मागून घ्या.

तुमच्या मेलच्या शेवटी त्या काकांचं लिहिलंय, पॅरालिसिसनंतर बोलणं गेलं, पण चालतात म्हणून सिव्हिलला दिव्यांग प्रमाणपत्र नाकारलं. खरं सांगू, मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट लागली. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे दिलंय आणि अफेजियाचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा-बोलणं बिघडण्याचं, नाव घेऊन दिलंय, त्याचा चालण्याशी काही संबंध नाही. काकांच्या मुलाला सांगा, पुन्हा अर्ज कर, नकार दिला तर कारण लेखी माग, आणि त्यावर कलम 59 खाली अपील कर. सोबत तुमचा रिपोर्ट जोडा, अफेजियाच्या टेस्टचे आकडे, काका काय समजू शकतात, काय बोलू शकत नाहीत, बँकेत आणि दवाखान्यात त्यांचं काय अडतं, सगळं सविस्तर. दिव्यांगत्व 40 टक्के भरलं की पुढच्या बऱ्याच सवलती खुल्या होतात. आणि हा रिपोर्ट काकांना तुम्ही स्वतः तपासलंय म्हणून त्यावर तुमचा सीआरआर नंबर ठळक घाला.