वाचकांचे प्रश्न: प्लास्टिकची बाटली किती दाब सोसते?

प्रश्न: शीतपेयाच्या २ लिटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी आणि हवा भरून आम्ही रॉकेट उडवतो. बाटली किती दाबाला फुटते याबद्दल निरनिराळे आकडे वाचनात येतात. कोणी ८ बार म्हणतो, तर कोणी १२ (बार हे दाबाचे एकक; १ बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब). यातले खरे काय, आणि आमच्याकडच्या बाटल्या आम्हालाच तपासायच्या असतील तर त्या कशा तपासाव्यात?

उत्तर: दोन्ही आकडे खरे असू शकतात. ज्यांनी ते दिले, त्यांनी बाटली किती उष्ण होती, दाब किती वेगाने चढवला आणि ती आधी कितीदा वापरली होती हे सांगितलेले नसते, एवढीच अडचण आहे.

आधी कागदावरचा हिशेब पाहू. बाटलीचा मधला भाग म्हणजे पातळ भिंतीचा नळा होय. आतल्या दाबामुळे परिघाच्या दिशेने पडणारा ताण काढण्यासाठी दाबाला त्रिज्येने गुणायचे आणि भिंतीच्या जाडीने भागायचे. २ लिटरच्या बाटलीची त्रिज्या सुमारे ५.५ सेंटिमीटर आणि भिंतीची जाडी ०.३ मिलिमीटर धरली, तर १० बारला, म्हणजेच १ मेगापास्कलला, हा ताण १८० मेगापास्कलच्या घरात जातो. लांबीच्या दिशेचा ताण याच्या निम्मा असतो, आणि म्हणूनच मध्यभागी निकामी होणारी बाटली आडवी न तुटता उभी चिरत जाते. बाटली ज्या पीईटी नावाच्या प्लास्टिकपासून बनते, त्याची ताणून फुगवल्यानंतरची मजबुतीही साधारण याच टप्प्यात असल्यामुळे नवी, धड बाटली बहुधा १० ते १२ बारच्या दरम्यान फुटते. (येथे आणि पुढेही दाबाचे आकडे, वेगळे सांगितले नसेल तेथे, दाबमापकावर दिसणारे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या वरचे आहेत.) भिंत कोठे ०.२५ मिलिमीटरच भरली, तर त्या ठिकाणची क्षमता लगेच सहाव्या हिश्श्याने घटते; आणि एकाच बाटलीत जाडी सगळीकडे सारखी कधीच नसते.

आता तपासणीकडे वळू. येथे एकच नियम असा आहे की ज्याला अपवाद नाही: फोडून पाहण्याची चाचणी पाण्याने करावी, हवेने कधीही करू नये. पाणी जवळजवळ दबतच नाही. १० बार दाबाखाली २ लिटर पाण्याचे आकारमान जेमतेम १ मिलिलिटरने कमी होते, त्यामुळे पाण्यात साठणारी ऊर्जा अर्ध्या जूलच्या आसपास असते. ताणलेल्या भिंतीतली ऊर्जा त्यात मिळवली तरी एकूण आकडा लहानच राहतो. तीच बाटली १० बारपर्यंत हवेने भरली, तर फुटताना मोकळी होणारी ऊर्जा दोन हजार जूलच्या जवळ जाते. ५० किलोचे पोते चार मीटर उंचीवरून खाली पडावे, तेवढी ही ऊर्जा आहे, आणि ती क्षणार्धात बाहेर पडते. पाण्याच्या चाचणीतही आत १०० मिलिलिटर हवा राहून गेली, तर त्या ऊर्जेचा विसावा हिस्सा परत येतो. म्हणून बाटली काठोकाठ भरून, वाकवून आणि टिचक्या मारून कडेला चिकटलेले बुडबुडे बाहेर काढण्यात पाच मिनिटे गेली तरी ती वाया गेली असे समजू नये.

दाब चढवण्यासाठी पाइपांची चाचणी घ्यायला वापरतात तो हाताने दाबायचा पाण्याचा पंप उत्तम, कारण त्याला दाबमापक जोडलेलाच असतो. झाकणाला मधोमध भोक पाडून त्यात रबरी वायसर लावलेली धातूची जोडणी घट्ट बसवावी आणि पंपाची नळी तिला जोडावी. बाटली जाड पिंपात, पाण्याखाली ठेवावी, वर वजनदार झाकण ठेवावे आणि दाबमापक दुरून, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून वाचावा. दाब एकदम चढवू नये. एकेक बारने वाढवावा, प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट थांबावे आणि काटा स्थिर राहतो की हळूच मागे येतो ते पाहावे.

हा काटा बरेच काही सांगतो. सुरुवातीला पंपाच्या प्रत्येक दाबणीबरोबर तो नेमाने वर जातो. मग एक टप्पा असा येतो की दांडा पहिल्याइतकाच फिरतो, पाणी आत जाते, पण काटा मात्र रेंगाळतो. याचा अर्थ भिंत आता लवचीकपणे ताणली जात नसून कायमची पसरू लागली आहे, आणि आत गेलेले पाणी तिच्या वाढत्या पोटात मावते आहे. बाटली सगळीकडून सारखी फुगत नाही. जी बाजू पातळ असेल तिकडे तिला फुगवटा येतो. ज्याला फक्त रॉकेट उडवायचे आहे, त्याने फुटण्याच्या आकड्यापेक्षा काटा जेथे रेंगाळू लागला तो आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण उपयोगाचा आकडा तोच आहे.

फुटलेली बाटली फेकण्यापूर्वी नीट पाहावी. मध्यभागी उभी चीर गेली असेल, तर भिंत तिच्या क्षमतेपर्यंत पोहोचली होती. चीर एखाद्या ओरखड्यापासून किंवा घडीपासून सुरू झाली असेल, तर त्या आकड्याचा इतर बाटल्यांशी फारसा संबंध नाही. तळाच्या केंद्रापासून तडे गेले असतील, तर तो वेगळाच विषय आहे. त्याबद्दल खाली एका प्रश्नात येईलच.

प्रश्न: एखादी बाटली पाण्याने ८ बारपर्यंत तपासून धड राहिली, तर तीच बाटली पुढे हवेने ६ बारपर्यंत निर्धास्तपणे वापरता येईल का?

उत्तर: निर्धास्तपणे नाही. धातूच्या टाकीच्या बाबतीत हा युक्तिवाद बऱ्याच अंशी चालतो. प्लास्टिक मात्र भाराखाली हळूहळू सरकत राहते. ज्या दाबाला बाटली अर्धा मिनिट टिकते, त्याच दाबाला ती दोन तास टिकेलच असे नाही. चाचणीत सोसलेला ताणही तिच्यात मुरलेला असतो, आणि रॉकेट दर वेळी जमिनीवर आदळल्यावर तिला नवी घडी पडते. उन्हात तापलेली बाटली आणखी नरम असते. पीईटीचा काचेसारखा ताठपणा ७५ अंश सेल्सिअसच्या सुमारास जातो, पण त्याच्या बरेच आधीपासून मजबुती घसरू लागते.

माझ्या मते एकाच प्रकारच्या काही बाटल्या पाण्याने फोडाव्यात, त्यांतील सर्वांत कमी आकडा घ्यावा (सरासरी घेऊ नये, कारण डोक्याजवळ फुटणारी बाटली सरासरी पाहून फुटत नाही) आणि त्याच्या निम्म्यावर थांबावे. घडी पडलेली, पांढरट रेष उमटलेली किंवा तळाशी बारीक तडे गेलेली बाटली दाबासाठी पुन्हा वापरू नये. हवा भरताना कोणीही जवळ उभे राहू नये. पंपाची नळी लांब ठेवली की हे सहज जमते.

प्रश्न: कारखान्यात बाटली तयार करताना ३० ते ४० बार दाबाच्या हवेने फुगवतात असे वाचले. मग तीच बाटली पुढे १० बारला कशी फुटते?

उत्तर: फुगवताना तिच्याभोवती धातूचा साचा असतो आणि दाब खरे तर तो साचा पेलत असतो. बाटलीची भिंत साच्याला टेकली की तिला फक्त त्याचा आकार घ्यायचा असतो.

मात्र या प्रक्रियेतच बाटलीच्या ताकदीचे मूळ आहे. प्रीफॉर्म नावाची, चाचणीनळीसारखी दिसणारी जाड नळी सुमारे १०० अंशांपर्यंत तापवतात, आत दांडा घालून तिला लांब ताणतात आणि त्याच वेळी हवेने रुंद फुगवतात. तीन-चार मिलिमीटर जाडीची भिंत त्यात सुमारे दहा पटींनी पातळ होते, आणि पीईटीच्या लांब रेणुसाखळ्या उभ्या-आडव्या अशा दोन्ही दिशांना ओढल्या जाऊन रांगेत येतात. न ताणलेले पीईटी ६० मेगापास्कलच्या आसपास ताण सोसते. ताणलेले त्याच्या दुपटीतिपटीने. ताणून पातळ केल्यामुळे प्लास्टिक मजबूत होते, हे ऐकायला उलटे वाटले तरी येथे ते खरे आहे.

ही युक्ती ड्यूपाँ कंपनीतील अभियंता नॅथॅनिएल वायेथ यांच्या नावावर आहे; त्यांना १९७३ साली पीईटीच्या बाटलीचे पेटंट मिळाले. त्यांनी सुरुवातीला साबणाच्या द्रवाच्या साध्या प्लास्टिक बाटलीत जिंजर एल हे आल्याच्या चवीचे शीतपेय भरून ती रात्रभर शीतकपाटात ठेवली आणि सकाळी ती फुगून फळ्यांमध्ये अडकून बसली, अशी हकिगत सांगितली जाते. बाटलीच्या दाबाची नोंद झालेली ही बहुधा सर्वांत साधी चाचणी असावी.

प्रश्न: शीतपेयाच्या बाटलीच्या तळाला पाच पाय कशासाठी असतात? आणि तडे बहुतेक वेळा तेथेच का जातात?

उत्तर: दाब पेलण्यासाठी सर्वांत चांगला तळ अर्धगोलाकार असतो, पण तसा तळ असलेली बाटली उभी राहत नाही. सुरुवातीच्या काळात बाटलीचा तळ खरोखरच अर्धगोल असे आणि तिच्या बुडाला निराळ्या प्लास्टिकचा पेला चिकटवलेला असे. पुढे पाकळ्यांसारखे पाय असलेला एकसंध तळ आला. पायांच्या मधून जाणाऱ्या वक्र पट्ट्या अर्धगोलाचे काम करतात आणि पाय बाटलीला उभे ठेवतात.

उणीव आहे ती केंद्रात. प्रीफॉर्मचा तो ठिपका, जेथून वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरते, फुगवताना फारसा ताणला जात नाही. तेथील रेणू अस्ताव्यस्तच राहतात, आणि म्हणून तो भाग जाड असूनही दुबळा असतो. त्यात अल्कलीयुक्त पदार्थ लागला, उदाहरणार्थ कडक धुण्याच्या द्रवाचा ओलावा, तर भाराखाली असलेल्या पीईटीमध्ये केसासारखे तडे वाढत जातात. म्हणूनच कारखान्यांतल्या प्रयोगशाळेत फोडण्याच्या चाचणीशिवाय एक निराळी चाचणी घेतात: दाब भरलेल्या बाटलीचा तळ सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात बुडवून ती किती मिनिटे तग धरते ते मोजतात. आणखी एका चाचणीत कार्बन डायऑक्साइडयुक्त पाण्याने भरलेली बाटली ३८ अंश तापमानात २४ तास ठेवून तिची उंची, घेर आणि तळाचा उठाव किती बदलला ते पाहतात. या चाचण्यांत दाब ठरलेलाच असतो. त्याखाली काळ किती लोटला आणि दरम्यान काय बदलले, याचे मोजमाप होते. रॉकेटवाल्या वाचकांनी रिकामी बाटली साबणाने न धुता साध्या गार पाण्याने विसळावी, ते यासाठीच.

प्रश्न: सोड्याच्या बंद बाटलीत किती दाब आहे हे तिला भोक न पाडता कसे मोजता येईल? शाळेच्या प्रकल्पासाठी हवे आहे.

उत्तर: दाबमापकच बाटलीत टाकावा. एक अरुंद पारदर्शक नळी घ्या, तिचे एक टोक पक्के बंद करा आणि उघड्या टोकाजवळ रंगीत तेलाचा एक थेंब असा बसवा की आतली हवा कोंडली जाईल. समजा, ही हवा १० सेंटिमीटर लांब आहे. नळी सोड्याच्या बाटलीत सोडा, झाकण लावा आणि बाटली हलवा. वायू सुटून दाब वाढतो तसा थेंब बंद टोकाकडे सरकतो. हवेची लांबी २.५ सेंटिमीटर उरली, तर बॉइलच्या नियमानुसार दाब मूळच्या चौपट, म्हणजे एकूण ४ बार आणि वातावरणाच्या वर ३ बार झाला. नोंद काही मिनिटांतच घ्यावी, कारण कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळून हळूहळू पलीकडे पोहोचतो. बाटली थंड असेल, तर नळीही आधी तितकीच थंड करून सुरुवातीची लांबी मोजावी.

पेयात त्याच्या आकारमानाच्या चौपट वायू मुरलेला असेल, तर ४ अंशांना दाब पावणेदोन ते दोन बार, २० अंशांना साडेतीन ते चार आणि ३८ अंशांना सहाच्या आसपास अपेक्षित असतो. झाकण उघडून पुन्हा लावलेल्या बाटलीत आकडा यापेक्षा थोडा कमी येईल.

प्रश्न: साध्या पाण्याच्या बाटल्यांवर हीच चाचणी घेता येईल का? आणि दाब वाढल्यावर आधी झाकण उडणार नाही का?

उत्तर: चाचणी घेता येईल, पण साध्या पाण्याची बाटली दाबासाठी घडवलेलीच नसते. तिची भिंत पातळ असते, तळ चपटा असतो आणि थोड्याशा दाबानेही तो बाहेर फुगून बाटली डुलू लागते. दुधाळ, अपारदर्शक बाटल्या तर वेगळ्याच प्लास्टिकच्या असतात, त्यांना दाबाच्या प्रयोगातून वगळावे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा किंवा कोरडा बर्फ घालून कोणतीही बाटली बंद करू नये. तेथे दाब किती आणि केव्हा वाढेल यावर माणसाचे नियंत्रण राहत नाही.

झाकणाचे म्हणाल, तर त्यावर पडणारे बळ काढून पाहा. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळ ३.७ ते ३.८ चौरस सेंटिमीटर. १० बारला तेथे ३७० ते ३८० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३८ किलो वजनाइतके बळ पडते. धड आटे हे सहसा पेलतात आणि आधी बाटलीच फुटते. आट्यांना जागोजागी उभ्या खाचा दिलेल्या असतात, त्यांतून झाकण पूर्ण सुटण्यापूर्वीच वायू निघून जातो. दाब असलेली बाटली उघडताना झाकण सावकाश फिरवावे आणि तोंड स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे ठेवू नये.